काही काम नसताना पालीच्या धरणावर

(जागतिक सायकल दिनी, ३ जूनला, प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)



बँक जोडणीचं बोलून झालं, परतफेडीचंही झालं. आता जो विषय काढतेय त्याला आपल्या रजिस्टरमध्ये रकाना नाही. विषय आहे सायकल सहलीचा. हसू नका, आधी ऐकून घ्या.

आधी मला सांगा, ऊसतोडीला कोल्हापूर, सांगली, कर्नाटकापर्यंत कोण कोण जाऊन आलंय? बघा, निम्म्याच्या वर हात वर आहेत. आता पालीचं बिंदुसरा धरण कुणी पाहिलंय? बसच्या खिडकीतून नाही हं. खाली उतरून, काठावर घटकाभर बसून. मोजून चार हात. बीडपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे ते. आपण चारशे किलोमीटर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातो, आणि घराजवळचं पाणी बघायचं राहून जातं.

याचं कारण मला असं वाटतं की आपल्याकडे बाई घराबाहेर पडते ती काही तरी कामानं. शेत, बाजार, दवाखाना, बँक, माहेर, नाही तर देव. "कुठं निघालीस?" या प्रश्नाला उत्तर तयार असावं लागतं. "सहज, फिरायला" हे उत्तर आपल्या तोंडात बसतच नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर आपण पाणी ओळखतो ते डोक्यावरच्या हंड्याच्या वजनानं. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात टँकरमागं कोण पळत होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! दुष्काळात पाण्यामागं पळायला बाई लागते, मग धरण भरल्यावर ते बघायला ती का नको?

आता मार्ग सांगते. बीडच्या दक्षिणेला सोलापूर रस्त्यानं निघालं की आधी खजाना बावडी लागते. निजामशाहीतली विहीर आहे, चारशे वर्षांहून जुनी. सलाबतखानानं बांधून घेतली आणि काम राजा भास्करानं केलं असं सांगतात. जमिनीखालून बोगदे काढून पाणी नुसत्या उतारानं शेतापर्यंत नेलंय. मोट नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही! आपल्या बचत गटाच्या नजरेनं बघायला हवी अशी विहीर आहे. तिथं थोडं थांबायचं, पाणी प्यायचं. पुढं पाली, आणि बालाघाटाच्या पायथ्याला धरण. ही बिंदुसरा नदी डोंगरात उगम पावते, बीड शहरातून वाहत जाते आणि सिंदफणेला मिळते. सिंदफणा पुढं गोदावरीला. म्हणजे काठावर बसून जे पाणी बघाल ते गंगेला जाणारं पाणी आहे. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. रस्ता चढाचा आहे पण चढ हळूहळू येतो, आणि परतताना तोच उतार होतो. पहिल्या सहलीला एवढं पुरे.

ज्यांची हौस यावर भागणार नाही त्यांच्यासाठी पुढं मांजरसुंब्याकडचा घाट चढून कपिलधार आहे. मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात धबधबा. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला तुमच्यातल्या काही गेल्या असतील, पण तेव्हा गर्दीत डोंगर दिसत नाही. घाटात दम लागला तर उतरून सायकल ढकलत न्यायची. त्यात काही कमीपणा नाही, मोठमोठे सायकलवालेही तेच करतात. खरं सांभाळायचं ते उतरताना. दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे, नुसता पुढचा कचकन दाबायचा नाही.

पाटोद्याच्या बाजूच्या ताया म्हणतील, आमचं काय? तुमच्याकडे तर नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे आणि विंचरणेचा सौताड्याचा धबधबा आहे. गंगथडीच्या तायांना माजलगावचं धरण जवळ. तिथला रस्ता सपाट, चढ नाही, नवशिक्यांना तोच बरा. केजवाल्यांना धनेगाव. पालीची सहल जमली की प्रत्येक गावाकडून एक-एक मार्ग ठरवू.

आता, "मला सायकल येत नाही." हे मला निम्म्या जणींनी चहाच्या वेळीच सांगून टाकलंय. एक काकू म्हणाल्या, "नातवंडं खेळवायच्या वयात मी हँडल धरू का?" काकू, तुम्हाला तमिळनाडूतली गोष्ट सांगते. तिथं पुदुकोट्टाई नावाचा जिल्हा आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू. १९९१च्या सुमारास तिथं साक्षरता मोहीम चालू होती. कलेक्टर होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी अक्षरांच्या जोडीला सायकलही शिकवायला घेतली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, नर्स, अंगणवाडीच्या ताया, सगळ्या शिकल्या. लाखभर बाया! लेडीज सायकली कमी पडल्या तर दांडीच्या, पुरुषी सायकली घेतल्या, आणि पुढं दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून तीच बरी म्हणायला लागल्या. १९९२च्या महिला दिनाला दीड हजार जणी हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत शहरातून निघाल्या. त्यांनाही आधी लोक टोमणे मारत होते. तुम्हालाही मारतील. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मारतील, मग त्यांना दुसरा विषय मिळेल.

आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली विसाव्या वर्षी सायकलवर १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर कापले, १४ देशांतून. ते ऐकून छाती भरून येते, पण खरं सांगू का, मला पुदुकोट्टाईच्या बाया जास्त जवळच्या वाटतात. त्यांना विक्रम करायचा नव्हता. पाणी आणायचं, लेकरू शाळेत सोडायचं, आणि मधेच कधीतरी नुसतं भटकायचं.

सायकल विकत घ्यायची नाही, त्यासाठी कर्जही काढायचं नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते, ती कित्येक घरांत दारातच उभी आहे. रविवारी ती रिकामीच असते. शिकताना सीट खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पॅडल आठवडाभर विसरा, नुसतं पायानं ढकलत तोल धरा. साडीचा पदर कमरेला घट्ट खोचा, चेनला कव्हर आहे का बघा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी घरी ठेवा. ज्यांची पिशवी काढलेली आहे, कंबर दुखते, बीपी आहे, त्यांनी आधी दवाखान्यात विचारायचं. माझ्या आग्रहाला बळी पडायचं नाही.

कुणीतरी विचारेलच, ताई, यातून उत्पन्न काय? धरणावर भाकरी-पिठल्याचा स्टॉल टाकता येईल, मान्य आहे. पण तो विषय मी आज मुद्दाम घेत नाही. आपण प्रत्येक गोष्ट हिशेबात बसवतो. ही एक राहू द्या हिशेबाबाहेर.

वेळ मी अशी धरलीय: गौरी-गणपती उरकले की घटस्थापनेच्या आधीचा रविवार. धरणात पाणी आलेलं असतं, डोंगर हिरवा असतो, सोयाबीन काढणीची घाई सुरू व्हायची असते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही गावात असता. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या की कोण कुठल्या फडात असेल सांगता येत नाही. पितृपंधरवड्यात तसंही कुणी नवं काम काढत नाही. डोंगरातली सीताफळंही तेव्हा यायला लागतात. आपल्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तर झाडावर ते कसं दिसतं हेही बघून होईल.

लांबच्या गावांच्या सायकली टेम्पोत घालून आणू, भाडं वाटून घेऊ. उजाडताच निघायचं, कारण सोलापूर रस्त्यावर नंतर ट्रक वाढतात. एकामागे एक, डाव्या कडेनं, गप्पा मारत जोडीनं नाही. सगळ्यात हळू चालवणारी सगळ्यात पुढं. धरणाच्या पाण्यात कुणी उतरायचं नाही, भिंतीवर फोटोसाठी चढायचं नाही. डबा आपापला: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. पंक्चरचं सामान आणि हवेचा पंप मी आणते.

आजपासून दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर शिकायला या. नावं गटाच्या सचिवांकडे द्या. आणि लेकीची सायकल आणणार असाल तर तिला आधी विचारून ठेवा, तिचंही काही ठरलेलं असू शकतं.