दीर्घिका कशावर जगतात?
(वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



व्याख्यानानंतर गच्चीवर दुर्बीण लावलेली आहे आणि आकाश निरभ्र आहे. तेव्हा आज जे पाहणार आहोत, तिथूनच सुरुवात करतो. सिंह राशीच्या शेपटाकडचा ठळक तारा म्हणजे उत्तरा फाल्गुनी. हात लांब करून मूठ धरा. त्या ताऱ्याच्या पूर्वेला एका मुठीच्या अंतरावर नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. पण तिथे, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक दीर्घिकांचा समूह आहे. त्यातली एम 87 ही दीर्घिका आपल्याला पुसट, गोलसर दिसेल. तिला सर्पिल भुजा नाहीत. तारे बहुतेक सगळे म्हातारे, पिवळे-तांबडे, आणि नवे तारे जवळपास जन्मतच नाहीत. आपल्या आकाशगंगेत मात्र आजही दरवर्षी एक-दोन सूर्यांइतक्या वायूचे तारे होतात. दोन्ही दीर्घिकाच. मग एक थांबली आणि दुसरी चालू आहे, हे कसं?

एडविन हबलने 1926 मध्ये दीर्घिकांचे प्रकार लावले: एका टोकाला लंबगोल, दुसऱ्या टोकाला सर्पिल. हा क्रम म्हणजे दीर्घिकेच्या वाढीचा क्रम, असा समज पुढे बराच पसरला. प्रत्यक्षात घडतं ते बहुतांशी उलट. दोन सर्पिल दीर्घिका धडकून एकजीव झाल्या, की त्यांतून लंबगोल दीर्घिका तयार होऊ शकते. अशा धडकेत ताऱ्यांच्या लांबलचक शेपट्या कशा बाहेर फेकल्या जातात, हे टूमरे बंधूंनी 1972 मध्ये संगणकावर दाखवून दिलं.

धडकांची चित्रं देखणी असतात, त्यामुळे व्याख्यानांत त्यांचाच बोलबाला असतो. माझं म्हणणं वेगळं आहे. दीर्घिकेचं आयुष्य ठरतं ते तिच्याजवळच्या थंड हायड्रोजनवर. कणगीत दाणे किती, रोज निघतात किती आणि नवे पडतात किती, हा हिशेब मांडला की दीर्घिकेचं पुढे काय होणार ते बऱ्यापैकी सांगता येतं.

हा वायू डोळ्यांना दिसत नाही. पण हायड्रोजनचा अणू 21 सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर सोडतो, आणि ती पकडता येईल, असं हॉलंडच्या फान डे हुल्स्ट या तरुणाने 1944 मध्ये सांगितलं. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. 1951 मध्ये हार्वर्डला यूएन आणि पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीत कर्ण्याच्या आकाराचा अँटेना बसवून ती पकडली. एकट्या अणूला ही लहर सोडायला सरासरी एक कोटी वर्षं लागतात. अणूच अगणित आहेत, म्हणून आपल्याला ती मिळते.

आता मुख्य प्रश्न. विश्वात तारे जन्मण्याचा वेग सुमारे दहा अब्ज वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता. आज तो जेमतेम दहावा हिस्सा उरला आहे. हे प्रकाशावरून कळलं होतं. का, हे कळायला तेव्हाचा वायू मोजायला हवा होता. पण आठ अब्ज वर्षांपूर्वी निघालेली 21 सेंटिमीटरची लहर इथे पोचेपर्यंत ताणून 42 सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि इतकी क्षीण की एकेका दीर्घिकेची लहर वेगळी ओळखू येत नाही.

हे मोजमाप झालं ते आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या तीस तबकड्या तुमच्यापैकी अनेकांनी रस्त्यावरून पाहिल्या असतील. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जवळ जाऊन पाहिलंत तर पत्रा दिसणार नाही. दोरांवर ताणलेली पोलादी तारांची बारीक जाळी आहे, तिच्यातून वारा सरळ निघून जातो. लहर लांब असल्यामुळे तिला ही जाळी आरशासारखीच. म्हणून बांधणी हलकी झाली आणि खर्च आवाक्यात राहिला. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची, आणि मला ती या दुर्बिणीच्या कुठल्याही शोधाइतकीच मोठी वाटते.

आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी 7,653 दीर्घिका घेतल्या. त्यांची जागा आणि अंतर आधीच्या पाहणीतून ठाऊक होतं. सुमारे शंभर तासांच्या निरीक्षणातून प्रत्येक दीर्घिकेच्या जागेवरची नोंद काढली, अंतराप्रमाणे जुळवली आणि सगळ्या नोंदी एकत्र केल्या. अशी बेरीज केली की गोंगाट आपसांत मिटत जातो आणि खरी लहर साचत जाते. 2020 मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं. या दीर्घिकांत सरासरी हजार कोटींहून अधिक सूर्यांइतका हायड्रोजन होता. साठा मोठा, पण खर्चही जबर. त्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपणार होता. बाहेरून नवा वायू त्या प्रमाणात पोचला नाही, म्हणून विश्वभर ताऱ्यांचे जन्म घटले.

एम 87 ची गोष्ट आणखी वेगळी. तिथे वायू आहे, पण कोट्यवधी अंश तापलेला. केंद्रातलं कृष्णविवर, ज्याचं छायाचित्र 2019 मध्ये आपण सर्वांनी पाहिलं, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं आहे. त्यातून सुटणारे झोत भोवतीचा वायू निवू देत नाहीत. आणि न निवलेल्या वायूचे तारे होत नाहीत. त्या समूहात शिरणाऱ्या सर्पिल दीर्घिकांचा हायड्रोजनही याच तप्त वायूच्या माऱ्याने ओरबाडला जातो.

आपल्या आकाशगंगेत वायू अजून पडतो आहे. गेल स्मिथ यांना 1963 मध्ये सापडलेला एक मेघ, दहा लाखांहून अधिक सूर्यांच्या वजनाचा, सुमारे तीन कोटी वर्षांनी आपल्यावर येऊन आदळेल. आजच्या खर्चाने एवढ्यावर आकाशगंगेचं पाच-दहा लाख वर्षं भागेल, फार नाही. असे मेघ येत राहायला हवेत.

शेवटी एक विनंती. 28 फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली असते. मुलांना घेऊन जा, जाळी जवळून दाखवा. आणि त्या परिसरात मोबाइल बंद ठेवा. तुमच्या खिशातल्या फोनची लहर त्या हायड्रोजनच्या लहरीपेक्षा कितीतरी बलवान असते.