घरपट्टी वाढते तेव्हा

(रात्रीच्या साक्षरता वर्गातील मंडळींनी गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आम्ही कोणी पुढारी नाही. रात्रीच्या वर्गात बसणारी आम्ही माणसं. दोन वर्षांमागे आमच्यातले बरेच जण पावतीवर अंगठा उठवत होते. आज चार शब्द बोलायला उभे आहोत. कारण गावात सध्या एकच विषय आहे. घरपट्टी वाढणार!

पारावर दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, "एक पैसा जादा द्यायचा नाही." दुसरा म्हणतो, "वरचा हुकूम आहे. बोलून काय उपयोग?" आम्हांला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात.

आधी हे पाहू, की कर कशाला? घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर हे ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न. वरून अनुदान येतं, पण त्यातलं बरंचसं ठरलेल्या कामालाच लावावं लागतं. गटार तुंबलं, खांबावरचा दिवा गेला, पाण्याची मोटार जळाली, म्हणजे घरचा पैसा लागतो. घरात मीठ-मिरचीला पैसा नसेल तर संसार चालेल का? गावाचंही तसंच आहे. म्हणून कर द्यायचाच नाही, असं आम्ही म्हणत नाही.

पण कर किती, आणि कोणाला किती, हे विचारायचं की नाही? विचारायचंच.

ग्रामपंचायतीचा कायदा 1958 सालचा आहे. कराचे नियम 1960 सालचे. 2015 सालच्या डिसेंबरात ते नियम बदलले. तेव्हापासून घरपट्टी घराच्या भांडवली मूल्यावर बसते. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. जागेची किंमत किती, बांधकामाची किंमत किती, घर किती जुनं, घरात राहता की दुकान चालवता, हे सगळं धरून घराची किंमत काढतात. त्या किमतीच्या दर हजार रुपयांना काही पैसे असा कर लावतात. मातीच्या घराला दर कमी, सिमेंटच्या पक्क्या घराला जास्त. सरकारने खालची आणि वरची हद्द घालून दिली आहे. त्या हद्दीत दर ठरवायचा तो आपल्या ग्रामपंचायतीने.

हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. घराची किंमत 2,00,000 रुपये. दर हजाराला 60 पैसे. म्हणजे 200 गुणिले 60 पैसे. झाले 120 रुपये. आता तेच घर कोणी चुकून पक्कं म्हणून लिहिलं. किंमत धरली 4,00,000 आणि दर धरला 1 रुपया 20 पैसे. झाले 480 रुपये. घर तेच, माणूस तोच, आणि कर चौपट!

हे आम्ही उगीच सांगत नाही. नव्या आकारणीची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. आमचा वर्ग कंदील-बॅटऱ्या घेऊन ती वाचायला गेला. वर्गातल्या एक मावशी बोट ठेवून एकेक अक्षर लावत होत्या. त्यांना आपलं नाव सापडलं. त्यापुढे लिहिलं होतं, 'विटा-सिमेंटचे पक्के घर.' मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हे माझंच घर का? माझ्या भिंती तर मातीच्या. दर पावसाळ्याआधी मीच लिंपते." मावशी एकट्या राहतात. दुसऱ्याच्या रानात रोजाने जातात. त्यांना तो जादा कर म्हणजे महिन्याचं तेल-मीठ.

दुसऱ्या दिवशी मावशींनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. दोन ओळी चुकल्या, त्या खोडून पुन्हा लिहिल्या. अर्ज दिला आणि पोच घेतली. आता घराची पाहणी व्हायची आहे.

आणि मंडळी, आणखी एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण लपवणार नाही. त्याच यादीत आमच्यातल्या एकाचं घर सापडलं. घरावर माडी चढून चार वर्षं झाली, पण कागदावर जुनं कौलारू घरच होतं. चूक मावशींचीही नव्हती आणि यादीत एकटीही नव्हती. त्या गृहस्थांनी आमच्यापुढे कबूल केलं, "मी गप्प बसलो. माझ्या वाटचं मावशीवर पडत होतं." त्यांनीही नोंद दुरुस्त करायचा अर्ज दिला. न्याय मागायचा तर तो दोन्ही बाजूंनी मागावा लागतो.

आता काय करायचं ते ऐका.

आपल्या घराचा नमुना नंबर 8 चा उतारा मागा. कर आकारणीची नोंद त्यात असते. नाव, लांबी-रुंदी, भिंत, छप्पर, घराचं वय नीट वाचा. घरधनिणीचं नाव आहे का, तेही बघा. नसेल तर लावायला सांगा. पण लक्षात ठेवा, हा उतारा कराचा आहे. तेवढ्यावर घराची मालकी सिद्ध होत नाही.

चूक दिसली तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. ग्रामसेवकांना, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांना अर्ज देऊन पोच घ्या. तिथे दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येतं.

कर भरला की पावती घ्या. 30 सप्टेंबरच्या आत भरला तर शेकडा 5 सूट मिळते. वर्ष संपल्यावर भरला तर शेकडा 5 दंड बसतो.

आणि ग्रामसभेला या. तिथे विचारा, गेल्या वर्षी किती कर जमला? कोणाची बाकी मोठी आहे? स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा 15 मागासवर्गीयांसाठी आणि शेकडा 10 महिला व बालकांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले का? गावचे पंच असोत की सरपंच, मागणी झाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्यांचं पद जाऊ शकतं. कायदा सगळ्यांना सारखा आहे.

आमचं मागणं एवढंच. वाढ करायची तर खुशाल करा, पण आधी यादी बरोबर करा. मातीचं घर मातीचंच लिहा, माडी असेल तर माडी लिहा. मग दर ठरवा. वाढलेल्या पैशातून कोणतं काम करणार, ते फळ्यावर लिहा. आता तो फळा वाचणारी माणसं गावात आहेत.

येत्या ग्रामसभेला प्रत्येक घरातून एक बाई आणि एक गडी आलाच पाहिजे. येताना उतारा आणि जुन्या पावत्या घेऊन या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याशेजारी आम्ही बसू.

रामराम.