विकास योजना आणि आपले घर
(भूम येथे सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी नगररचनाकार नाही, बँकेत कारकून आहे. तरीही शहराच्या विकास योजनेवर बोलायचे मी कबूल केले, त्याला कारण आहे. घरकर्जासाठी माणसे काउंटरवर येतात. पगार असतो, हप्ता फेडण्याची ऐपत असते. पण आजोबांपासून ज्या जागेवर राहतो त्या जागेचा कागद नसतो. अर्ज तिथेच अडतो. घरकुलाचेही तेच. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे, प्रधानमंत्री आवास योजना २०१५ पासून आहे. परंतु घर बांधण्याचे अनुदान मिळायला आधी पायाखाली आपली जागा लागते. ज्या गावाचे नावच भूम, तिथे गुंठाभर भूमीसाठी माणसाने अडून बसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

पूर्वी नियोजन नव्हते असे समजू नका. कोणाची वस्ती गावकुसाबाहेर, कोणाचा पाणवठा वेगळा, हे सारे ठरलेलेच होते. नकाशा कागदावर नव्हता, एवढेच.

अलीकडचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते झाले, पक्की घरे झाली. काम मोठे होते, यात शंका नाही. परंतु घराचा आकार घरात माणसे किती यावर नव्हे, तर जमीन किती यावर ठरला. भूमिहीनाला २५० चौरस फूट आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट! नकाशा नवा, मोजपट्टी मात्र जुनीच.

आता कायदा पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपरिषद आपल्या हद्दीची विकास योजना तयार करते. आधी आजच्या जमीन वापराचा नकाशा, मग प्रारूप योजना. ती प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. नियोजन समिती सुनावणी घेते आणि शेवटी शासनस्तरावर मंजुरी होते. कायद्याप्रमाणे २० वर्षांतून एकदा तरी योजनेची सुधारणा व्हावी लागते. म्हणजे ते ३० दिवस हुकले की एक पिढी हुकली.

विद्यार्थी मित्रांनो, थोडे गणित करू. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या २०,००० आहे व ती दरसाल २ टक्क्यांनी वाढते. माणसे सरळव्याजाने नव्हे, चक्रवाढीने वाढतात. २० वर्षांनी ती सुमारे २९,७०० होतील. कुटुंबात ५ माणसे धरली तर सुमारे १,९४० नवी घरे लागतील. पण मुले वेगळी राहू लागली आणि कुटुंब ४ माणसांचे झाले, तर नवी घरे ३,४०० च्या वर लागतील. लोकसंख्या तीच, घरे पावणेदोनपट! घराला एकच गुंठा धरला तरी ८५ एकर झाले. रस्ते, शाळा, मोकळी जागा वेगळीच. म्हणून वाढ डोक्यांत नव्हे, कुटुंबांत मोजावी. आणि ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या दाराला कुलूप आहे म्हणून ते मोजणीतून सुटू नये.

योजनेत जागा नसली म्हणून माणसे थांबत नाहीत. शेतातला तुकडा स्टँपपेपरवर घेतात. रस्ता नाही, नाली नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. मग २००१ साली गुंठेवारी कायदा करावा लागला, आणि २०२१ साली दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात घ्यावे लागले. वरातीमागून घोडे, ते हेच.

शिवाय नकाशावर रहिवासाचा पिवळा रंग दिला की गरिबाला घर मिळाले, असे होत नाही. रंग बदलताच जमिनीचा भाव चढतो. लाभ मालकाला होतो. म्हणून दुर्बल घटकांच्या घरांसाठी स्पष्ट आरक्षण हवे. तेही दाखवून भागत नाही. १० वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर मालक कायद्याप्रमाणे नोटीस देऊ शकतो, आणि पुढील मुदतीतही काही झाले नाही तर आरक्षण संपते. तेव्हा पाठपुरावा हवा.

प्रारूप योजना प्रसिद्ध होईल तेव्हा तीन गोष्टी पाहा. आपली वस्ती रहिवास म्हणून दाखवली आहे, की तिच्यावरून रस्ता नेला आहे? नव्या घरांची जागा उंचावर आहे, की पाणी साचणाऱ्या सखल भागात? भूमिहीनांसाठी आरक्षण किती व कोणत्या सर्व्हे नंबरात? मग हरकत लेखी द्या, पोच घ्या, सुनावणीला हजर राहा. बँकेत तोंडी व्यवहार चालत नाही. इथेही चालत नाही.

शिकलेल्या मुलामुलींनी हा नकाशा वाचावा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोट ठेवून दाखवावा. आपल्याला शिक्षण मिळाले, त्याचा हा साधा उपयोग आहे. मागच्या पिढ्यांची जागा दुसऱ्यांनी ठरवली. पुढच्या पिढीची ठरवताना आपली सही त्या कागदावर असू द्या.

जयभीम! जय भारत!