पोरांची छाती आणि आपली जमीन
(ऊसतोडीहून परत आल्यावर पाड्यावरच्या बैठकीत केलेलं बोलणं)



दिवाळी झाली की आपल्या पाड्यातली निम्मी घरं बंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला बारामती-इंदापूरच्या बागायतीत जावं लागतं. कुणी माळेगावच्या शिवारात, कुणी भवानीनगरच्या. पोरं बरोबरच जातात. मागं त्यांना सांभाळायला कोण आहे?

तिथं पाचटाची कोपी. वाकून आत जायचं, आतच चूल. थंडीत पोर चुलीजवळ निजतं. बाहेर फडात पाचट पेटवतात. पहाटे अंधारात पोराला दवातून घेऊन जायचं. मग खोकला लागतो. आम्हीही म्हणायचो, पाणी बदललं, हवा बदलली, होईल बरं.

पण पोराची छाती वाढत असते. धुरानं श्वासाच्या नळ्या सुजतात, आकसतात. न्यूमोनिया, ज्याला आपण डबा म्हणतो, तो वरचेवर झाला तर फुप्फुसावर कायमचे व्रण राहू शकतात. मग पोर धावताना थांबतं, वजन धरत नाही.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 2 महिन्यांच्या आतलं बाळ 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतलं 50 किंवा जास्त, 5 वर्षांच्या आतलं 40 किंवा जास्त श्वास घेत असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोडीचा खाडा पडला तरी चालेल. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्या. क्षयाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण ते निदान सहा महिने न चुकता घ्यावं लागतं. गाव सोडताना कागद आणि गोळ्या बरोबर घ्या, तिथल्या दवाखान्यात नाव सांगा. दम्याचा पंप दिला तर घाबरू नका, त्याची नशा लागत नाही. चूल कोपीबाहेर मांडा. गोवराची लस चुकवू नका.

आता खरी गोष्ट. हे सगळं केलं तरी पुढच्या दिवाळीला ट्रक येणारच. कारण आपण कसतो ती जमीन आपल्या नावावर नाही. नाव नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही, विहीर नाही, दुसरं पीक नाही. म्हणून उचल. म्हणून कोपी. म्हणून पोराचा खोकला.

वनहक्क कायदा 2006 चा आहे. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आदिवासी जी जमीन कसतो, तिचा दावा त्याला 4 हेक्टरपर्यंत करता येतो. दावा ग्रामसभेपुढे जातो. पण ग्रामसभेला आपण तोडीवर असलो, तर आपल्या वतीनं बोलणार कोण? म्हणून पावसाळा सरायच्या आत दावे भरू, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घेऊ, पोच घेऊन ठेवू.

पोराला औषध लागतंच. पण त्याला आपल्या गावची हवा मिळावी, यासाठी सातबारा लागतो.