शेतात बसलेला खांडवा



चिकोडी तालुक्यातल्या आमच्या शेतात सुगी सरली की धनगराचा दख्खनी मेंढ्यांचा खांडवा बसे. दिवसा मेंढ्या जोंधळ्याची धसकटे, पाला व तण खात; रात्री वाघरीत बसत. लेंडीबरोबर मूत्रही जागीच मुरे आणि एरवी वाया जाणारा नत्र जमिनीला मिळे. वाघर रोज पुढे सरके. मोबदला धान्याचा. मेंढ्या उठताच वडील कुळव धरीत. लेंडी उन्हात वाळली की निम्मे खत उडाले, असे ते म्हणत.

पुढे मीच मोहाने सारा ऊस लावला. उसात खांडव्याला जागा कुठली? अतिपाण्याने जमीन चोपण झाली, धनगराने वाट बदलली. आता दोन एकर पुन्हा जोंधळा-हरभऱ्याला ठेवले आहेत. धनगराला निरोप धाडला; पाडव्यानंतर पाहू, म्हणाला.