पुराव्याची सवय



१९१८ साली याच बालाघाट जिल्ह्यातल्या एका माणसाने एक लिपी तयार केली. मुन्शी मंगल सिंह मसराम हे त्यांचं नाव. गोंडी ही लाखो लोकांची भाषा. तिच्यात गाणी होती, कुळकथा होत्या, रानाचं सगळं शहाणपण होतं. पण लिहायची वेळ आली की देवनागरी नाहीतर तेलुगू अक्षरं वापरावी लागत. मसराम यांनी गोंडीला तिची स्वतःची अक्षरं दिली. जून २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत ती अक्षरं दाखल झाली आणि लिपीचं अधिकृत नाव ठरलं ‘मसराम गोंडी’. जगभरातल्या संगणकांच्या वर्णमालेत बालाघाटच्या माणसाचं नाव कायमचं नोंदलं गेलं. या जिल्ह्यातल्या शाळाशाळांतून हे सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, याच जिल्ह्यातल्या मोबाइलांवर एक मजकूर फिरू लागला. भिकाऱ्यांच्या वेशात पाचशे माणसं फिरत आहेत, ती लोकांना मारून त्यांचे अवयव काढून नेतात, असा. धादांत खोटा. पण एका गावात पन्नास-साठ जणांच्या जमावाने दोन निरपराध माणसांना बेदम मारलं. पोलीस वेळेवर पोचले म्हणून दोघांचा जीव वाचला. पोलिसांनी मग स्थानिक व्हॉट्सअॅप गटांत शिरून मजकूर पसरवणाऱ्या तिघांना शोधून काढलं आणि अटक केली.

त्याच वर्षी १ जुलैला महाराष्ट्रात, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात असा कुणी वाचवणारा वेळेवर पोचला नाही. आठवडी बाजारात आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्यावर बंदी घातली.

आज, तुमच्या पदवीच्या आनंदाच्या दिवशी हे का सांगतो आहे? कारण बालाघाटचा तो मजकूर पसरवणाऱ्यांना वाचता येत होतं. वाचता येत होतं म्हणूनच तो पसरला. फोन चालवायचं कौशल्य त्यांच्याकडे पुरेपूर होतं. डिजिटल युगात शिकायला काय लागतं याची यादी करताना आपण संगणक, इंग्रजी, टायपिंग, कोडिंग असं म्हणतो. हे सगळं लागतंच. पण यातलं एकही कौशल्य इथे मार खाल्लेल्या त्या दोन माणसांच्या मदतीला आलं नसतं. मदतीला आला असता तो एकच प्रश्न: हे कोण म्हणतंय, आणि त्याला कसं कळलं?

हा प्रश्न विचारणं पदवीने आपोआप येत नाही, हेही सांगतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरेट मिळवलेले दहा इतिहासकार, बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं दाखवली आणि यातलं विश्वासार्ह कोणतं ते विचारलं. विद्वान मंडळी आणि हुशार मुलं दोघंही फसली. ती दिलेलं पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत राहिली. छान बोधचिन्ह, संदर्भांची लांबलचक यादी, व्यवस्थित भाषा, सगळं पाहून त्यांचा विश्वास बसला. सत्यता तपासणारे मात्र त्या पानावर जेमतेम थांबले आणि बाहेर पडले. दुसरी खिडकी उघडून ही संस्था कुणाची, तिला पैसा कोण देतं, बाकीचे तिच्याविषयी काय म्हणतात, हे त्यांनी पाहिलं. याला आपण आडवं वाचन म्हणू. पुस्तकाच्या काळात उभं वाचन पुरत होतं, कारण पुस्तक हातात येईपर्यंत लेखक, संपादक, प्रकाशक, ग्रंथपाल अशा चार जणांच्या नजरेखालून गेलेलं असायचं. फोनवर आलेल्या मजकुरावर पहिली नजर तुमचीच असते. तपासणीचं ते चार जणांचं काम आता तुमच्या एकट्यावर आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. ‘पदवीधरांना सरकारकडून मोफत लॅपटॉप, आजच अर्ज करा’ असा निरोप आला. खाली दुवा आहे. मध्य प्रदेशात बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी खरंच पैसे मिळतात, त्यामुळे निरोप खरा वाटतो. फसवणारा नेहमी खऱ्याच्या शेजारीच दुकान मांडतो. आता तो दुवा दाबू नका, नुसता वाचा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यापुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे थांबा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचत या. सरकारी पत्ता बहुतेक वेळा ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा संपतो. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एमपी’, ‘गव्ह’, ‘शिक्षा’ काहीही लिहिता येतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मालक कळतो तो शेपटावरून. मग योजनेचं नाव वेगळ्या खिडकीत शोधा, खात्याच्या संकेतस्थळावर जा, तिथे ती आहे का बघा. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. घरी आईवडिलांना, शेजारच्या काकांना हे करून दाखवा. बँकेचा ओटीपी सांगून बसलेल्या माणसाला नंतर सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर सांगावा लागतो; त्याच्या आधीच ही दोन मिनिटं खर्च झालेली बरी.

आता तुमच्या हातात कृत्रिम बुद्धिमत्ताही आली आहे. तिचा वापर करा, मी अडवणार नाही. कठीण प्रकरण समजून घ्यायला, इंग्रजी सुधारायला, मुलाखतीची तयारी करायला ती उपयोगी आहे. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात काय झालं ते लक्षात ठेवा. वकिलांनी तिच्याकडून खटल्यांचे दाखले घेतले आणि जसेच्या तसे न्यायालयात सादर केले. खटल्यांची नावं, तारखा, निकालातले उतारे, सगळं झोकात होतं. फक्त ते खटले कधी झालेच नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला. यंत्र ठामपणे बोलतं, आणि ठामपणा हा पुरावा नव्हे. शिवाय आपल्या भागासाठी धोका दुप्पट आहे. ही यंत्रं लिखित मजकुरावर शिकतात. इंग्रजीचा मजकूर डोंगराएवढा, मराठीचा त्यामानाने थोडा, पोवारी आणि गोंडीचा अगदी नगण्य. जिथे मजकूर कमी तिथे चुका जास्त, आणि त्या चूक म्हणून ओळखणारी माणसं तुम्हीच. बैहरच्या बैगांविषयी किंवा वारासिवनीच्या विणकरांविषयी यंत्राने काही सांगितलं तर दिल्लीतल्या विद्यार्थ्याला ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. तुम्ही मात्र बस, रिक्षा, मोटरसायकल, जे मिळेल ते पकडून प्रत्यक्ष विचारायला जाऊ शकता. हे भाग्य लहान समजू नका.

आतापर्यंत माहिती घेण्याविषयी बोललो. माहिती देण्याविषयी बोलायला मी खरं म्हणजे आलो आहे.

दिलेलं आधी दुसऱ्याला वाचता यायला हवं. तुमच्यातल्या अनेकांनी सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या परीक्षेची तयारी केली असेल. कृती देव फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की काय होतं हे त्यांना माहीत आहे. ‘भारत’ लिहिलेलं असतं आणि दिसतात एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरं. कारण तो संगणकाच्या लेखी इंग्रजी मजकूरच असतो, त्याला वरून देवनागरीचे कपडे चढवलेले. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरी ‘अ’चा क्रमांक २३०९. मसराम गोंडीतल्या ‘अ’चा ७२९६०. क्रमांक मिळाला की अक्षर शोधता येतं, पाठवता येतं, साठवता येतं.

तो क्रमांक मिळतो कसा, हे मुद्दाम समजून घ्या. कुणाच्या भावना तीव्र आहेत म्हणून मिळत नाही. सविस्तर प्रस्ताव द्यावा लागतो. मसराम गोंडीचा प्रस्ताव अंशुमन पांडे या लिपितज्ज्ञांनी मांडला. प्रत्येक अक्षराचा आकार, नाव, क्रम, जोडाक्षरं कशी होतात, मात्रा कुठे लागते, आणि ही लिपी माणसं खरोखर वापरतात याचे नमुने, हे सगळं द्यावं लागतं. म्हणजे कुणीतरी त्या लिपीत लिहीत राहिलं होतं, कुणीतरी ते कागद जपून ठेवले होते. ते कागद नसते तर प्रस्ताव उभाच राहिला नसता.

तुमचा चिन्नोर तांदूळ घ्या. २०२१ मध्ये बालाघाट चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. वास तर आजीलाही माहीत होता, पण मानांकनाला वास पुरत नाही. हा तांदूळ इथलाच, इथल्या मातीपाण्याशी त्याच्या गुणांचा संबंध आहे, इथे तो पूर्वीपासून पिकतो, हे कागदावर दाखवावं लागतं. आणि नोंद कागदावरच व्हावी लागते असंही नाही. शेजारच्या छत्तीसगडच्या भागात २०१० पासून सीजीनेट स्वर नावाचा उपक्रम चालला. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही ते साध्या फोनवरून गोंडीत किंवा हिंदीत आपली बातमी सांगायचे: रेशन आलं नाही, हातपंप बंद आहे, मास्तर येत नाहीत. ती बातमी आधी तपासली जायची आणि मग सगळ्यांना ऐकवली जायची. ज्या साध्या फोनला आपण जुनाट म्हणतो त्यावर इतकं जबाबदार काम झालं.

आणि तुमच्यापैकी जे शिक्षक होणार आहेत त्यांनी रणजितसिंह डिसले यांचं काम जरूर पाहावं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सगळे त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडविषयी बोलतात. मला त्याआधीची गोष्ट मोठी वाटते. मुलींच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून ते आधी कन्नड शिकले आणि मग पुस्तकं नव्याने मांडायला बसले. बालाघाटच्या वर्गात एकाच बाकावर पोवारी, गोंडी, मराठी आणि हिंदी बोलणारी मुलं बसतात. तिथे फळ्यावर कोणतं यंत्र टांगलं आहे याला फारसा अर्थ नाही, जर मास्तरांना शेवटच्या बाकावरच्या मुलीचं बोलणंच कळत नसेल.

एकाग्रतेविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला ठाऊक आहे आणि करायचं मात्र राहतं. रोज तासभर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एक जाड पुस्तक वाचा. तपासणी करायला आधी काहीतरी नीट माहीत असावं लागतं, आणि ते पंधरा सेकंदांच्या चित्रफितीतून येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. येत्या वर्षात प्रत्येकाने आपल्या गावची एक नोंद करावी. भरवेलीच्या मँगनीज खाणीत आयुष्य काढलेले कामगार आहेत, त्यांना खाली उतरण्याचा पहिला दिवस विचारा. गोंदिया-जबलपूरच्या छोट्या गाडीने लग्नाला गेलेल्या बायका आहेत. पोवारी लग्नगीतं अजून तोंडपाठ असलेल्या आज्या आहेत. फोन समोर ठेवा, पण आधी परवानगी घ्या आणि हे कुठे जाणार ते सांगा. सुरुवातीला दिवस, तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात नोंदवा. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, ते त्यांचं आहे. मग जे ऐकलं ते युनिकोडमध्ये लिहून काढा, त्यांना वाचून दाखवा, चुका दुरुस्त करून घ्या. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या.

आणि एक काम आज रात्रीच करता येईल. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सगळ्यांना खुला आहे. त्यावरचं बालाघाट जिल्ह्याचं पान उघडा. सावकाश वाचा. जे राहून गेलं असेल ते भरा, जे चुकलं असेल ते दुरुस्त करा, आणि प्रत्येक वाक्याखाली संदर्भ द्या.