रूरच्या खाणीतले पोलिश



पोलिश लोक म्हटले की कोल्हापूर-बेळगावकडच्या मंडळींना वळिवड्याची छावणी आठवते. दुसऱ्या महायुद्धात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले आणि युद्ध संपल्यावर निघून गेले. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते पोलिश पोटासाठी जर्मनीतल्या रूर खोऱ्यात आले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच नांदले. म्हणून त्यांची हकिकत आपल्यासारख्यांनी जवळून पाहावी असे वाटते.

१७९५ नंतर पोलंड नकाशावर उरला नव्हता. प्रशिया, ऑस्ट्रिया आणि रशिया यांनी तो वाटून घेतला होता. १८७० नंतर रूरमधल्या कोळशाच्या खाणी झपाट्याने वाढल्या आणि खाणमालकांचे दलाल माणसे शोधत प्रशियाच्या पूर्वेकडील प्रांतांत हिंडू लागले. पोझेन, पश्चिम प्रशिया आणि वरचा सायलेशिया येथले मजूर बोट्रोप, हेर्ने, बोखुम, गेल्सेनकिर्शेन या गावांत येऊन राहिले. मसुरियातलेही आले. त्यांची बोली पोलिशच, पण धर्म प्रोटेस्टंट. त्यामुळे कॅथलिक पोलिशांत ते फारसे मिसळले नाहीत. पहिल्या महायुद्धापर्यंत ही सगळी वस्ती काही लाखांवर गेली. कागदोपत्री हे लोक प्रशियाचेच प्रजाजन होते. शेजाऱ्यांच्या लेखी मात्र परके.

त्यांची पहिली मागणी साधी होती: आपल्या भाषेत पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू द्या. मनातले पाप परक्या भाषेत कसे सांगणार? फ्रान्सिशेक लिस या धर्मगुरूंनी १८९० मध्ये बोखुमला 'व्यारुस पोल्स्की' हे वृत्तपत्र काढले. भोवती मंडळे, गायनवृंद, वाचनालये आणि 'सोकोल' व्यायामशाळा उभ्या राहिल्या.

मग भाषेचा प्रश्न खाणीत उतरला. १८९९ मध्ये नियम निघाला की खाणकामगाराला कामापुरते जर्मन समजलेच पाहिजे, आणि जबाबदारीच्या जागेवरच्या माणसाला ते लिहिता-वाचताही आले पाहिजे. कारण दिले सुरक्षिततेचे. ते अगदीच खोटे नव्हते, कारण खाणीत धोक्याची सूचना न समजणे म्हणजे मरण. पण पोलिशांना त्यात बढतीची वाट बंद होताना दिसली. त्याच वर्षी कामगार-निधीची वर्गणी वाढली, म्हणून हेर्नेच्या तरुण पोलिश कामगारांनी संप केला. लष्कर आले, माणसे मेली. जर्मन संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या नाहीत.

त्यानंतर १९०२ मध्ये बोखुमला पोलिशांची स्वतःची कामगार संघटना स्थापन झाली. वेगळी चूल मांडली, आता एकी मोडणार, असे अनेकांना वाटले. घडले उलटे. १९०५ च्या मोठ्या संपात ही संघटना जर्मन संघटनांच्या खांद्याला खांदा लावून लढली. आपल्या भाषेत बोलून मन तयार झालेला माणूस दुसऱ्याशी बरोबरीने बोलू शकला. मला या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१९०८ च्या कायद्याने सार्वजनिक सभांत जर्मनच बोलण्याची सक्ती केली. ज्या जिल्ह्यात साठ टक्क्यांहून अधिक लोकांची मातृभाषा वेगळी असेल तेथेच सवलत होती, आणि रूरमध्ये असा जिल्हा नव्हता. तरी पोलिशांची मंडळे टिकली.

वस्ती विखुरली ती पोलंड स्वतंत्र झाल्यावर. ढोबळमानाने एक तृतीयांश लोक मायदेशी परतले, तेवढेच उत्तर फ्रान्सच्या खाणींकडे गेले, उरलेले राहिले. वृत्तपत्रही पुढे फ्रान्सला गेले. मंडळे चालवणारी माणसे गेल्यावर मागे राहिलेल्यांची भाषा उंबरठ्याच्या आत आली. कित्येकांनी आडनावे बदलून जर्मन करून घेतली. १९३४ मध्ये गेल्सेनकिर्शेनचा शाल्के हा फुटबॉल संघ जर्मनीत अजिंक्य ठरला. त्याचे नामवंत खेळाडू शेपान आणि कुत्सोरा मसुरियन घराण्यांतले. पोलंडच्या वृत्तपत्रांनी आनंद व्यक्त करताच, आमच्या खेळाडूंचे आईवडील पोलिश नव्हेत, असा खुलासा क्लबने छापला. विजयाच्या दिवसांतही नावाचा खुलासा करावा लागला! १९३९ मध्ये पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि १९४० मध्ये नाझी सरकारने उरल्यासुरल्या पोलिश संस्था हुकमाने बरखास्त केल्या.

आज रूरमध्ये '-स्की'ने संपणारी आडनावे घरोघर आहेत. तिथल्या बोलीत हातोड्याला 'मोटेक' म्हणतात. तो पोलिश 'म्वोतेक'. पापनिवेदनाची भाषा गेली, हातोड्याचे नाव राहिले.

यात कोणाचा दोष काढायला मी उभा नाही. मुलांनी शाळेची आणि पोटाची भाषा धरली, तशी आपलीही धरतात. पण बंदीतही पोलिश टिकली, कारण तिच्यात करायचे काम होते: पाप सांगायचे, संप ठरवायचा, बातमी वाचायची. ते काम करणारी माणसे आणि जागा गेल्यावर भाषेला नुसत्या अभिमानाचा आधार पुरला नाही. आपल्या घरी आरती मराठीत होते, ठीक आहे. पण भांडण मराठीत होते का? हिशेब? आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेली विचारपूस? आज घरी गेल्यावर एवढे एकदा मोजून पाहा.